अक्षयनीवी आणि गावाचे दप्तर

कल्याणच्या प्राचीन इतिहासाची लेखी साधने शोधायची तर कल्याण सोडून साष्टीतल्या कान्हेरीला जावे लागते. तेथील सातवाहनकालीन ब्राह्मी लेखांत स्वतःला कल्याणचे रहिवासी म्हणवणारे दाते पुन्हा पुन्हा भेटतात. स्वामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याची पोढी खोदून दिली. एका लोहाराचे दान नोंदलेले आहे. व्यापारी आणि त्यांच्या घरातल्या स्त्रिया तर कितीतरी. एका लेखात खुद्द कल्याणातल्या अंबालिका विहाराचा उल्लेख येतो. त्या विहाराचे नाव टिकले ते कान्हेरीच्या खडकावर.

या लेखांतला एक शब्द आज आपल्या उपयोगाचा आहे: 'अक्षयनीवी'. नीवी म्हणजे मुद्दल. अक्षयनीवी म्हणजे जिला कधी हात लावायचा नाही अशी ठेव. लेणे खोदून दिले की दात्याचे काम संपले, असे त्या काळी मानत नसत. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूच्या वस्त्राची तजवीज करावी लागे, आणि तीही दात्याच्या मृत्यूनंतर चालू राहील अशी. म्हणून लेण्याबरोबर शेत दिले जाई, किंवा रोकड.

नाशिकच्या लेण्यातला उषवदाताचा लेख तर हिशेबाच्या वहीचे पान वाटावा. हा नहपान क्षत्रपाचा जावई. त्याने तीन हजार कार्षापण दिले आणि ते गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेवले: दोन हजार एकीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत द्यायचे नाही, फक्त व्याज उपभोगायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे होते. वाचकांनी गुणाकार करून पाहावा. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षूंना बारा-बारा म्हणजेही दोनशे चाळीस. एक कार्षापण इकडे-तिकडे नाही. आणि एवढे करून तो थांबत नाही. हे सारे निगमसभेत वाचून दाखविले आणि रीतीप्रमाणे नोंदफलकावर चढविले, असेही तो खडकावर कोरून ठेवतो.

म्हणजे दानाची तीन अंगे झाली: वस्तू, तिच्या सांभाळाचा पैसा आणि चारचौघांत केलेली नोंद. स्थानिक इतिहासाच्या संग्रहालयाला काही देण्याचा विचार जेव्हा होतो, तेव्हा ही तिन्ही अंगे आपण एकमेकांपासून तोडतो, असे माझे म्हणणे आहे. वस्तू देणारा पैसा देत नाही. पैसा देणाऱ्याला इमारतीवरची संगमरवरी पाटी हवी असते; वाळवीच्या औषधासाठी देणगी द्यायला कोणी पुढे येत नाही. आणि नोंद तर कोणालाच नको असते, कारण ती कंटाळवाणी असते.

ठाणे परिसरातल्या वस्तू बाहेर कशा गेल्या, याची उदाहरणे जुनी आहेत. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात नव्या कामासाठी खोदताना शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके ९३९चा, म्हणजे इ. स. १०१७चा ताम्रपट सापडला. जनरल कारनॅक यांनी तो पुढे पाठविला, रामलोचन पंडितांनी त्याचा अर्थ लावला, आणि कलकत्त्याच्या 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्या खंडात तो प्रसिद्ध झाला. ठाण्याची माती, कलकत्त्याचा छापखाना. गंमत अशी की हा ताम्रपट स्वतःच एक दानपत्र आहे. दिलेले दान हिरावून घेणाऱ्याला नरकाची भीती घालण्याची अशा ताम्रपटांची रीत असे. आजच्या देणगी-पावतीत ती सोय नाही.

पुढे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. सोपारा तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात मोडते. तेथले अवशेष-करंडक आणि बुद्धमूर्ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत गेल्या. ते योग्यच झाले, कारण त्या काळी सोपाऱ्यात ठेवणार कोठे? भगवानलालांचा स्वतःचा संग्रह अधिक विचार करायला लावतो. मथुरेच्या सुप्रसिद्ध सिंहशीर्षासह त्यातला मोठा भाग त्यांच्या मृत्युपत्राने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला मिळाला. आयुष्यभर इथल्या दऱ्याखोऱ्यांतले लेख वाचणाऱ्या माणसाने १८८८ मध्ये जाताना लंडनकडे का पाहावे? तेथे वस्तू सांभाळली जाईल, नोंदली जाईल, अभ्यासकाला दाखविली जाईल, हा भरवसा त्यांना वाटला असावा, असे मानायला जागा आहे. दाता भरवशाकडे जातो. या गोष्टीचा राग येतो, पण तो भगवानलालांवर काढण्यात अर्थ नाही.

भरवसा इथेही निर्माण करता येतो, हे ठाण्यातच सिद्ध झालेले आहे. १८९३ साली विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय त्याच्याही आधीचे, १८६४ चे. परंतु भावे मंडळींनी 'वाचनालय' हा रूढ शब्द सोडून 'संग्रहालय' हा शब्द घेतला, याकडे साहित्याच्या विद्यार्थ्यांचे सहसा लक्ष जात नाही. वाचनालय आजच्या वाचकासाठी असते. संग्रहालय अजून जन्मायच्या वाचकासाठीही असते. भावे यांचे 'महाराष्ट्र सारस्वत' आपण वाङ्मयेतिहास म्हणून वाचतो. त्यामागे हस्तलिखिते मिळविण्याची केवढी खटपट होती! पोथी आपल्या हाती द्यायला घरमालकाला कोणीतरी राजी करावे लागते, आणि हे राजी करणे हा वाङ्मयेतिहासाचा न लिहिलेला पहिला अध्याय आहे. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून तेच करीत होते. हे दोघेही १९२६ साली गेले. राजवाड्यांचे दप्तर सांभाळायला धुळेकरांनी लगोलग, १९२७ मध्ये, राजवाडे संशोधन मंडळ उभे केले, म्हणून ते दप्तर उरले. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अर्ध्या शतकाहून अधिक काळ दिवे, दौती, अडकित्ते जमविले आणि १९७५ साली तो सारा संग्रह राज्य शासनाला देऊन टाकला. वस्तुसंग्रहालयाला अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव. कवी 'अज्ञातवासी' म्हणून त्यांना ओळखणाऱ्यांना त्यात आश्चर्य वाटू नये.

आता ठाणे, कल्याण, डोंबिवली येथे काय चालले आहे ते पाहू. जुने वाडे आणि चाळी पुनर्विकासात जात आहेत. कल्याणच्या सुभेदार वाड्याचे नाव आज एका शाळेमुळे कानावर पडते. घर रिकामे करताना माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते. तिच्यात मोडी कागद, खतपत्रे, जमाखर्चाच्या वह्या, लग्नाच्या याद्या. नव्या सदनिकेत माळा नसतो. तांब्यापितळेला निदान मोडीचा भाव येतो; मोडी लिपीतल्या कागदाला रद्दीचाही येत नाही, कारण तो तुकडे पडण्याच्या अवस्थेत असतो. (एकाच उच्चाराचे हे दोन शब्द, आणि दोघांचे नशीब असे जवळजवळ!) शंभर वर्षांहून जुनी वस्तू, हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षांहून जुने, १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरू शकते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. कायदा तिला देशात ठेवतो. गावात ठेवणे हे गावाचे काम.

अशी पेटी द्यायची असेल तर ती 'जुने कागद, एक पेटी' एवढ्या पावतीवर देऊ नये. पोथीच्या शेवटच्या पानावरची पुष्पिका फाटली, तर लेखक, लेखनिक, शक आणि स्थळ एकदमच जातात. नोंदीवाचून दिलेल्या वस्तूचे तसेच होते. कागद कोणत्या घराण्याचे, वाडा कोणत्या आळीत होता, वही कोणत्या दुकानाची, पेटीत वरती काय होते आणि तळाशी काय, हे देणाऱ्यालाच माहीत असते आणि तेही एकाच पिढीपुरते. ते चार पानांत लिहून, दोन प्रती करून, एक स्वतःजवळ ठेवावी. सोबत जमेल तेवढी रक्कम मुदतठेवीत घालून तिचे व्याज त्याच कागदांच्या जतनाला लावावे, अशी अट दानपत्रात लिहून घ्यावी. रक्कम लहान असली तरी चालेल. कान्हेरीच्या सोनाराने काही सगळे लेणे खोदले नव्हते. त्याने पाण्याची एक पोढी दिली.

घेणाऱ्या संस्थेनेही काही गोष्टी नाकारायला शिकले पाहिजे. जागा नसताना घेतलेली मूर्ती जिन्याखाली पडते, आणि दात्याचा नातू दहा वर्षांनी ती पाहायला येतो तेव्हा किल्ली सापडत नाही. त्यानंतर त्या घरातली दुसरी पेटी कोणत्याही संस्थेकडे येत नाही.