माळवदाची तुळई आणि कोरीव खुर्ची : होटगी परिसरातील जुन्या लाकडाविषयी

(१)

मोडलेल्या घरांच्या सागवानी अगर शिसवी लाकडातून विलायती धर्तीचे कोरीव सामान घडविण्याचा धंदा मुंबईसारख्या शहरांत चांगलाच रुजला आहे. अशा खुर्चीला वा पलंगाला दुकानात ‘अँटिक’ म्हणतात. हे विशेषण कितपत सार्थ आहे, हा प्रश्न वरवर पाहता व्यापाराचा वाटतो. परंतु तो इतिहासाचाही आहे. खुर्चीचे लाकूड शंभर-दीडशे वर्षांपूर्वी तोडलेले असते, तिचा घाट अठराव्या अगर एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी किंवा फ्रेंच नमुन्याचा असतो आणि तिच्यावरील कोरीवकाम गेल्या महिन्यातले असते. या तीन काळांपैकी कोणता काळ त्या वस्तूचा म्हणावयाचा?

या प्रश्नाचा विचार येथे होटगी परिसराच्या आधाराने केला आहे. होटगी हे काही कोरीव सामानाचे केंद्र नव्हे. किंबहुना चांगले इमारती लाकूड जेथे पिकत नाही, अशा मुलखातले ते एक गाव होय. पण जेथे लाकूड दुर्मिळ असते तेथेच त्याचा प्रवास, त्याचा पुनरुपयोग आणि त्याची नावे यांचा माग अधिक स्पष्टपणे काढता येतो.

(२)

दक्षिण सोलापूर तालुक्यातील होटगी हे गाव वीरशैवांच्या बृहन्मठामुळे आणि रेल्वेच्या जंक्शनमुळे परिचित आहे. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव ‘हुटगी’ असे आढळते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६० मध्ये सोलापूरपर्यंत आली आणि १८७१ मध्ये रायचूर येथे मद्रासच्या रेल्वेला मिळाली. पुढे १८८० नंतरच्या दशकात सदर्न मराठा रेल्वेने होटगीपासून विजापूर, बागलकोट, बदामीवरून गदगपर्यंत मीटरगेज मार्ग बांधला. त्यामुळे होटगीस दोन मापांच्या रुळांची गाठ पडली आणि त्याबरोबर माल एका गाडीतून दुसरीत चढविण्याचे कामही आले. हा मार्ग एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रुंद करण्यात आला.

रुळांची गाठ पडली त्याच्या पुष्कळ आधीपासून येथे भाषांची गाठ पडलेली होती. मराठी आणि कन्नड येथे एकाच घरात नांदतात. सोलापूर शहरात त्यांच्या जोडीला तेलुगू आणि दखनी उर्दू आहेत. साहजिकच एकाच वस्तूला दोन नावे असणे येथे नवलाचे नाही. मराठीत जो ‘साग’ (संस्कृत शाक) तो कन्नडात ‘तेग’. मलयाळममधील ‘तेक्कु’ पोर्तुगीजांच्या तोंडी ‘तेका’ झाला आणि त्यापासून इंग्रजी ‘टीक’ आला. मराठीतील ‘शिसव’ संस्कृत शिंशपेपासून आलेला. त्याला कन्नडात ‘बीटे’ म्हणतात. सुतार (सूत्रधार) हा कन्नडात ‘बडगी’, म्हणजे संस्कृतातील ‘वर्धकि’ आणि हिंदीतील ‘बढई’ यांचा सोयरा.

साग आणि शिसव ही दोन्ही झाडे या कोरड्या पठाराची नव्हेत. ती सह्याद्रीच्या आणि कारवारकडील जंगलांची. होटगी–गदग मार्गाने हा मुलूख हुबळी-धारवाडशी आणि पर्यायाने त्या जंगलांशी जोडला गेला. परंतु स्वतः रेल्वेच लाकडाची सर्वांत मोठी गिऱ्हाईक होती. ब्रॉडगेजच्या एका स्लीपरला नऊ फूट लांब, दहा इंच रुंद व पाच इंच जाड असा लाकडाचा ओंडका लागे. मीटरगेजला तोच सहा फूट लांब, आठ इंच रुंद व साडेचार इंच जाड. १८६४ मध्ये हिंदुस्थानात वनखाते स्थापन झाले आणि १८६५ मध्ये जंगलांचा पहिला कायदा झाला, त्यामागे स्लीपरांची ही भूक हे एक मोठे कारण होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काँक्रीटचे स्लीपर आले आणि काढलेल्या लाकडी स्लीपरांचे ढीग देशभर स्थानकांच्या बाजूला पडू लागले. त्यांतील काहींचे पुढे बाके आणि मेजे झाली. मात्र ज्या स्लीपरांत कीड लागू नये म्हणून क्रिओसोट हे डांबरी तेल मुरविलेले असे, त्यांचे सामान घरात ठेवणे अपायकारक होय. कारण ते तेल कर्करोगास कारण होऊ शकते. जुने लाकूड म्हणजे निर्दोष लाकूड, ही समजूत येथेच ढळते.

(३)

या परिसरातील जुन्या लाकडाचा दुसरा आणि इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोलाचा साठा म्हणजे माळवदाची घरे. पाऊस थोडा आणि ऊन कडक, अशा या मुलखात घरावर उतरते छप्पर न घालता सपाट माळवद घालीत. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी त्याची रचना. चार खांबांमधील जागेला ‘खण’ म्हणत आणि घराचे मोजमाप खणांतच सांगत. घर बांधणारा लाकूड जपून वापरी आणि घर मोडणारा ते जपून उतरवी. सांधे खिळ्यांचे नसून कूस आणि खाच यांचे असत. त्यामुळे पाचर सैल केली की तुळई अखंड निघे आणि दुसऱ्या घरात पुन्हा चढे. अर्थात सर्वच घरे सागवानी नव्हती. सामान्य शेतकऱ्याच्या घरात बाभूळ आणि कडुनिंबच अधिक. साग हा सधनांच्या वाड्यांतला. पण कोणत्याही घरात जुने लाकूड टाकाऊ मानण्याची रीत नव्हती. तेव्हा जुन्या लाकडाचा पुनरुपयोग ही अलीकडची कल्पना नसून या मुलखाची जुनी शहाणी सवय आहे.

या व्यवस्थेला मोठा हादरा बसला तो ३० सप्टेंबर १९९३ रोजी. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांतील सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदावरील मातीचे ओझे हे या प्राणहानीचे मुख्य कारण ठरले. भिंती ढासळल्या तरी खणांची लाकडी चौकट पुष्कळ ठिकाणी उभी राहिली, हे पाहणाऱ्यांनी नोंदविले आहे. परंतु लोकांच्या मनात भय बसले ते माळवदाचे. त्यानंतर शेजारच्या मुलखातही माळवदे उतरून त्यांच्या जागी पत्रे अगर काँक्रीटचा स्लॅब घालण्याच्या प्रवृत्तीला जोर आला. उतरलेल्या लाकडाला आता दुसरे माळवद मिळणार नव्हते. शतकानुशतके एका घरातून दुसऱ्या घरात जाणारी तुळई प्रथमच घराबाहेर पडली आणि वखारीत आली.

(४)

या तुळईचे पुढे खुर्चीत रूपांतर व्हावे, यामागे एक वेगळाच इतिहास आहे. महाराष्ट्रातील जुन्या घरात बसण्याची रीत जमिनीलगतची : पाट, चौरंग, गादी, लोड, तक्क्या. लाकडी सामानात पलंग, झोपाळा, पेटारा आणि देव्हारा ही मुख्य. कोरीवकामाची हौस होती. पण ती सामानावर न फुलता वास्तूवर फुलली. सुरूच्या आकाराचे खांब, महिरपी, तुळयांखालचे घोडे, लोंबती केळफुले, दारावरील गणेशपट्टी, ही तिची स्थाने. १८०७ मधील पुण्याच्या विश्रामबाग वाड्याचा दर्शनी भाग हे त्या कलेचे ठळक उदाहरण होय.

सामानावरील कोरीवकाम आले ते समुद्रमार्गाने. गोव्यात सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीजांसाठी साग, शिसव, आबनूस आणि हस्तिदंत यांची मोठी घडण झाली. मुंबईत एकोणिसाव्या शतकात शिसवी सामानाचा एक स्वतंत्र संप्रदायच निर्माण झाला; इंग्रज त्याला ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ म्हणत. पाठीपासून पायापर्यंत जाळीदार वेलबुट्टीने भरलेले कोच, गोल मेजे आणि लिहिण्याची टेबले मेडोज स्ट्रीटवरील दुकानांत विकली जात. त्यांचे गिऱ्हाईक युरोपीय आणि धनिक पारशी. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात मुंबईचे असे काम मांडले गेले होते. सर जे. जे. कलाशाळेत १८६५ मध्ये आलेल्या जॉन लॉकवुड किपलिंग यांनी देशी कारागिरीच्या नोंदीचे मोठे काम केले, आणि जे. ए. जी. वेल्स यांनी मुंबई इलाख्यातील लाकडी कोरीवकामावर १९०२ मध्ये एक प्रबंधिका लिहिली.

आज या परंपरेचा वारसा जोगेश्वरी-ओशिवरा येथील फर्निचर बाजाराकडे आणि चोरबाजारातील मटन स्ट्रीटकडे आला आहे. पाडलेल्या चाळी, बंगले आणि वाडे यांतील साग, विशेषतः ब्रह्मदेशी साग, येथे येतो आणि त्याच्या नव्या घडणी होतात. त्यांचे नमुने पुष्कळदा इंग्लंडातील चिपेंडेल या सुताराच्या १७५४ मधील नमुनापुस्तकापर्यंत मागे जातात. येथे कायद्याची रेषाही ध्यानात घेण्याजोगी आहे. १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगी व्यापाऱ्यास परदेशी पाठविता येत नाही. जुन्या लाकडाची नवी खुर्ची मात्र या कायद्याने अडत नाही. म्हणजे दुकानात जिला ‘अँटिक’ म्हणावयाचे, तीच बंदरावर ‘नवी’ ठरावी लागते. शिसवाची वाट २०१७ पासून निराळ्या रीतीने अरुंद झाली आहे; कारण त्या साली शिसवाची सबंध प्रजाती वन्य जीव व वनस्पती यांच्या व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आली. 

(५)

आता प्रत्यक्ष घडणीकडे वळू. जुन्या तुळईचा मोठा गुण हा की, तिच्यातील ओल कधीच निघून गेलेली असते. ओल्या लाकडाचे सामान सोलापूरच्या वैशाखात आक्रसते आणि त्याचे सांधे उघडतात. जुन्या लाकडाला ही भीती कमी. तरीही जाड तुळई चिरली की आतला भाग प्रथमच हवा पाहतो आणि आतला ताण सुटून फळी वाकते; म्हणून चिरलेल्या फळ्या काही काळ रचून ठेवाव्या लागतात. त्याआधी प्रत्येक खिळा शोधून उपटावा लागतो. एक विसरलेला खिळा करवतीचे पाते निकामी करतो. खिळ्याभोवती लोखंडाचा काळा डाग उतरलेला असतो आणि तो रंध्याने सहसा जात नाही. सागात सिलिकेचे सूक्ष्म कण असल्याने पटाशीची धार लवकर मोडते. शिसवाच्या शिरा एकमेकींत गुंतलेल्या, म्हणून तो फुटतो. पण धार चांगली असेल तर त्यात सागापेक्षा बारीक रेघ उठते.

नक्षी प्रथम कागदावर काढून लाकडावर उतरवितात. मग भोवतालची जमीन खोदून नक्षी उंच ठेवतात, नंतर तिला गोलाई देतात आणि अखेरीस पानांच्या शिरा व फुलांचे केसर काढतात. शेवटी लाखेचे पॉलिश. या कामात एक गोष्ट अपरिहार्यपणे घडते. तुळईतील कुसवाच्या जुन्या खाचा, पाचरींची भोके आणि सुताराने जुळणीसाठी केलेल्या खुणा एक तर कापून टाकाव्या लागतात किंवा भुसा व सरस यांनी बुजवाव्या लागतात. कारागिराच्या दृष्टीने ते दोष होत. इतिहासाच्या दृष्टीने मात्र तुळई कोणत्या घरात, कोणत्या जागी आणि किती वेळा चढली, हे सांगणारा तोच एकमेव लेख होता.

(६)

शब्दांच्या साक्षीनेही हेच दिसते. या धंद्याच्या शब्दसंपत्तीचे थर पाडले तर हत्यारांची नावे पुष्कळशी जुनी निघतात : करवत, वाकस, पटाशी, कानस. रंधा आणि गुण्या हे फारसीतून आले. पण ते इतके मुरले की त्यांचे परकेपण कोणास जाणवत नाही. वास्तूच्या अवयवांची नावे देशी व फारसी अशी मिश्र आहेत : तुळई, कडी, खण, तशीच तक्तपोशी, महिरप, सुरू. सामानाची नावे मात्र बहुतेक पाहुणी. खुर्ची अरबी-फारसी, बिजागरी आणि चावी पोर्तुगीज, टेबल आणि कोच इंग्रजी. ‘फर्निचर’ या समूहवाचक कल्पनेला तर जुना, सर्वमान्य असा मराठी शब्दच नाही. ‘सामान’ म्हणून काम भागविले जाई. ‘टीपॉय’ची कथा अधिक बोलकी आहे. हिंदुस्थानातील ‘तिपाई’ इंग्रजांनी उचलली, चहाच्या इंग्रजी शब्दाशी नाद जुळल्याने तिच्यावर चहाची किटली ठेवली, आणि तोच शब्द ‘टीपॉय’ होऊन मराठी दिवाणखान्यात परत आला. कोरीव खुर्चीचाही प्रवास असाच : लाकूड येथले, हात येथला, रूप मात्र परदेशाहून परतलेले.

‘खण’ हा शब्द याला अपवाद होय. घराचा खण, मेजाचा खण आणि होटगी–गदग मार्गावरील गुळेदगुड्डचा प्रसिद्ध चोळीचा खण. तिन्ही ठिकाणी मर्यादित असा एक भाग, हाच अर्थ. माळवद गेले तेव्हा पहिला अर्थ वृद्धांच्या बोलण्यापुरता उरला. ‘पाच खणांचे घर’ म्हटल्यास नव्या पिढीला मेजच आठवेल. तुळईचे फर्निचर झाले तसेच शब्दाचेही झाले.

(७)

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. अशी खुर्ची ही नवी वस्तू होय. ती जुन्या लाकडाची आहे, एवढेच तिच्याबद्दल प्रामाणिकपणे म्हणता येईल. त्यात कारागिराला कमीपणा नाही. त्याने ते लाकूड घेतले नसते तर त्यातील बरेचसे चुलीत गेले असते, आणि हाताने कोरण्याची विद्याही त्याच्याचमुळे जिवंत आहे. हानी होते ती दुसऱ्या ठिकाणी. लाकूड वाचते, पण घर कोणते होते ते कळत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या वाड्यांची दारे, खिडक्या आणि कोरीव भाग जतन केलेले आहेत, ते मोठे काम होय. परंतु संग्रहालयात जागा मिळते ती सुंदर दाराला. साध्या तुळईला ती कोण देणार?

तिच्यासाठी जागा नको, नोंद पुरे. माळवद उतरविण्यापूर्वी गावाचे नाव, खणांची संख्या, लाकडाची जात, सांध्यांची रीत आणि प्रत्येक अवयवाला घरातली माणसे मराठीत व कन्नडात काय म्हणतात, एवढे लिहून घेतले तर एका दिवसाचे काम आहे. होटगीसारख्या गावांत ही नावे सांगू शकणारे सुतार आणि घरमालक आज वृद्ध आहेत. लाकूड आणखी शंभर वर्षे टिकेल. त्याची नावे तेवढी टिकणार नाहीत.