खानदेशातील घराचे छप्पर : धाबे ते सौर पॅनेल

जळगाव-धुळे भागातील जुने घर म्हणजे धाब्याचे घर. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी ही सपाट रचना. धाब्यावर पापड-कुरडया वाळत, उन्हाळी रात्री माणसे निजत. परंतु पारा ४५ अंशांकडे झुकणाऱ्या या मुलखात ते मुख्यतः उन्हाविरुद्धचे छप्पर होते. घरात उजेड यावयाचा तो साण्यातून, तोही बेताचा. त्याच छपरावर आज ऊन मुद्दाम झेलले जात आहे. ‘धाब्यावर बसविणे’ म्हणजे बेपर्वाईने बाजूस सारणे. आता धाब्यावर बसविलेली वस्तूच घरातील दिवे लावू लागली आहे!

‘सोलर’ हे मुळात विशेषण. आपल्याकडे ते नाम म्हणून रुळले ते आधी पाणी तापविण्याच्या, बंबाची जागा घेणाऱ्या साधनासाठी. पुढे तेच नाव विजेच्या पॅनेलांकडे गेले. ऊन जितके कडक तितकी वीज अधिक, ही समजूत या जुन्या अर्थाचाच अवशेष असावी. वस्तुतः १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने दाखविलेला सिलिकॉनचा सौरघट उष्णतेवर नव्हे, प्रकाशावर चालतो. घट २५ अंशांपलीकडे तापला की दर अंशामागे त्याची क्षमता सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. वैशाखातील खानदेशी ऊन जे देते त्यातील काही परतही घेते. म्हणूनच पॅनेले गच्चीपासून उचलून, खालून वारा खेळेल अशी, दक्षिणाभिमुख व स्थानिक अक्षांशाइतकी, म्हणजे सुमारे २१ अंश, कलती बसवितात.

साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ साली सुरू झाला. तो मात्र जमिनीवरचा. घरच्या छपरास महत्त्व आले ते राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१५ च्या नेट मीटरिंग विनियमांनी. दिवसाची शिल्लक वीज जाळ्यात द्यावी आणि रात्री तिची वजावट घ्यावी, या व्यवहारात ‘ग्राहक’ हा शब्द अपुरा पडतो. २०२४ च्या पंतप्रधान सूर्यघर योजनेने ३ किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपयांचे अनुदान ठरविले.

तथापि योजनेस हवे असते ते मालकीचे आणि भार पेलणारे छप्पर. मातीच्या धाब्यात पॅनेलाच्या सांगाड्याचे पाय घट्ट रोवता येत नाहीत. आणि वाटणी न झालेल्या वाड्यात छपरावर हक्क कोणत्या भावाचा, हे आधी ठरवावे लागते. धाब्याखालच्या कुटुंबास प्रथम स्लॅब टाकावा लागतो, आणि त्या खर्चास हे अनुदान लागू नाही.