वाऱ्यावर थंड होणारे इंजिन

आपल्या धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यात एके काळी ‘लुना’ ठाऊक नाही असा माणूस विरळा. पुण्याच्या कायनेटिक कंपनीने १९७२ साली आणलेल्या या मोपेडचे इंजिन अवघे ५० सीसीचे. त्याला पाणी लागत नाही की रेडिएटर लागत नाही. सिलिंडरभोवती धातूच्या पातळ पट्ट्या असतात, मिस्त्री लोक त्यांना ‘फिन’ म्हणतात. गाडी धावू लागली की वारा त्या पट्ट्यांतून वाहतो आणि उष्णता घेऊन जातो. आपली कितीतरी मुले हे इंजिन खोलून, रिंगा बदलून पुन्हा जोडण्यात तरबेज झाली. परंतु याच तत्त्वावरील इंजिनांनी हलकी विमाने उडविली आणि तोफांच्या सरावासाठी बिनवैमानिकाची लक्ष्यविमानेही आकाशात नेली, हे त्या मुलांना क्वचितच सांगितले जाते. तो इतिहास येथे थोडक्यात मांडावयाचा आहे.

विमानात वजन हा पहिला शत्रू होय. पाणी, टाकी व नळ्या वगळल्या की तेवढे इंधन वा तेवढा माणूस अधिक नेता येतो. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये रेनॉ पद्धतीची, हवेने थंड होणारी आठ सिलिंडरची इंजिने शिल्लक पडून होती. फ्रँक हॅल्फर्ड या अभियंत्याने जणू अर्धे इंजिन घेऊन चार सिलिंडरचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे ‘सिरस’ इंजिन सिद्ध केले. १९२५ साली ते बसविलेले डी हॅविलंड कंपनीचे ‘मॉथ’ विमान उडाले आणि विमानविद्या फ्लाइंग क्लबांच्या आवाक्यात आली. जुना माल संपत येताच हॅल्फर्डने नवे ‘जिप्सी’ इंजिन घडविले.

हिंदुस्थानात या इंजिनाचे नाव एका स्पर्धेने गाजविले. अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठासाठी निधी गोळा करणारे सर आगाखान यांनी इंग्लंड-हिंदुस्थान प्रवास एकट्याने करणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकास ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. १९३० साली जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले, तर तरुण अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. दोघांचीही विमाने ‘जिप्सी मॉथ’. इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगवाचून अडकले होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला दिले आणि बक्षीस अस्पींनी जिंकले. हेच अस्पी पुढे १९६० साली भारताचे वायुसेनाप्रमुख झाले. दोन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, टाटांनी कराचीहून मुंबईच्या जुहूला टपाल आणले. त्या ‘पस मॉथ’मध्येही जिप्सीच्याच घराण्यातले इंजिन होते.

याच इंजिनाने वैमानिकाला खालीही उतरविले! तोफखान्याला नेम धरण्यास खरे उडते लक्ष्य हवे होते. म्हणून ब्रिटनने १९३५ साली १३० अश्वशक्तीच्या ‘जिप्सी मेजर’ इंजिनाचे, रेडिओने चालणारे ‘क्वीन बी’, म्हणजे राणीमाशी, हे विमान उडविले. नर मधमाशीला इंग्रजीत ‘ड्रोन’ म्हणतात. आज सर्वतोमुखी असलेला हा शब्द तेथूनच रूढ झाला असे मानले जाते. पुढे अमेरिकेत रेजिनाल्ड डेनी या चित्रपटनटाच्या ‘रेडिओप्लेन’ कंपनीने दुसऱ्या महायुद्धात हजारो छोटी लक्ष्यविमाने तयार केली. त्यांत दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन असे. जे विमान गोळी खाण्यासाठीच उडावयाचे, त्याचे इंजिन स्वस्त व साधे असणे हाच शहाणपणा. लुनाचे इंजिन त्याचेच भाऊबंद म्हणावे लागेल.

आता आपल्या देशाकडे वळू. कोल्हापूर भागातून आलेले डॉ. विष्णु माधव घाटगे जर्मनीत गॉटिंगेन येथे प्रा. प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकले आणि बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात त्यांनी ‘एचटी-२’ हे शिकाऊ विमान रचले. १९५१ च्या ऑगस्टमध्ये ते उडाले. विमान आपले, परंतु पहिल्या नमुन्यात इंजिन जिप्सी मेजर आणि नंतरच्या विमानांत १५५ अश्वशक्तीचे ‘सिरस मेजर’. १९५८ च्या ‘पुष्पक’ विमानातही ९० अश्वशक्तीचे अमेरिकन कॉन्टिनेंटल इंजिन होते.

असे का व्हावे? वरवर सोपे दिसणारे हे इंजिन घडविण्यास कठीण असते. पुढच्या सिलिंडरला वारा भरपूर मिळतो, मागच्याला कमी. तापल्यावर प्रत्येक धातू निराळ्या प्रमाणात फुगतो. पिस्टन व सिलिंडर यांत किती जागा सोडावी, पट्टी किती पातळ ठेवावी, वारा कसा वळवावा, याचे गणित चुकले की पिस्टन जाम होतो. मोपेड रस्त्याकडेला उभी करता येते, विमान येत नाही.

भूम-परंड्याच्या शिवेला लागून असलेल्या अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात हे गणित सोडविण्याचा मोठा प्रयत्न झाला. तेथील संरक्षण खात्याच्या वाहन संशोधन संस्थेने बंगळूरच्या प्रयोगशाळांसह ‘निशांत’ या टेहळणी विमानासाठी ५५ अश्वशक्तीचे व्हँकेल इंजिन बनविले. त्यात वर-खाली जाणाऱ्या पिस्टनऐवजी फिरता त्रिकोणी रोटर असतो. मार्च २००९ मध्ये कोलार येथे ते निशांतला घेऊन उडाले. पुढे अपघातांमुळे निशांत मागे पडले, परंतु इंजिन घडविण्याची विद्या आपल्या शेजारी रुजली, हे लहान यश नव्हे.

वाचकहो, आपल्या समाजात हाताचे कसब पिढ्यान्‌पिढ्या आहे. गॅरेजमधल्या मुलाला पिस्टन जाम झालेला आवाजावरून कळतो. तो का जाम झाला, हे मात्र त्याला वर्गात शिकविले पाहिजे. त्यासाठी गणित, यंत्ररेखाटन आणि धातुशास्त्र त्याच्यापर्यंत पोहोचावयास हवे, आणि दहावीनंतर त्याची शाळा सुटता कामा नये. पाना त्याच्या हाती आहेच. पट्टी आणि पेन्सिल देणे हे आपले, शिक्षणसंस्था चालविणाऱ्यांचे काम आहे.