न दिसणारा आकडा

आगगाडी पुलावर शिरली की चाकांचा आवाज बदलतो, हे कुणाला सांगायला नको. दिवाळीला मामाच्या गावी जाताना आम्ही भावंडे त्या आवाजासाठी खिडकीशी रेटारेटी करीत असू. जमिनीवर स्लीपरांखाली खडी असते. ती आवाज गिळते. लोखंडी गर्डरच्या पुलावर खडी नाही. रूळ, त्याखाली लाकडी स्लीपर, त्याखाली गर्डर आणि मग एकदम पाणी! ते लाकूड त्या गर्डरला धरून कसे राहते, हा प्रश्न मात्र मला दहाव्या वर्षापर्यंत पडला नव्हता.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावली, हे शाळेतले पोरही सांगेल. पुढे रूळ देशभर पसरू लागले आणि चणचण भासली ती लाकडाची. विलायतेत जॉन बेथेल याने 1838 साली लाकडात डांबरी तेल दाबून मुरवण्याच्या कृतीचे पेटंट घेतले होते. तसली तेल प्यालेली पाइनची स्लीपरे बोटीने इकडे येत. पण एवढ्याने भागणार कसे? आपल्याकडचे मऊ लाकूड तर पावसाने आणि वाळवीने बघता बघता खाल्ले जाई. साग, साल आणि देवदार तेवढे टिकत. हर्सिलच्या फ्रेडरिक विल्सनने हिमालयातले देवदार तोडून भागीरथीच्या प्रवाहात सोडले आणि गडगंज पैसा केला. डीट्रिख ब्रँडिस 1864 साली हिंदुस्थानचा पहिला मुख्य वनाधिकारी झाला, 1865 साली जंगलाचा कायदा आला. रुळांची भूक नसती तर वनखाते एवढ्या घाईने जन्माला आले असते असे मला तरी वाटत नाही.

पुलावर लाकूडच का, लोखंडावर लोखंड का नाही? लाकूड धक्का सोसते, चाकाखालचा हादरा थेट गर्डरला पोचू देत नाही. शिवाय त्याला हवे तसे तासता येते. गर्डरच्या वरच्या पट्टीवर रिवेटांची डोकी वर आलेली असतात. सुतार त्या मापाच्या खाचा स्लीपरच्या पोटात पटाशीने पाडतो, तेव्हा कुठे ते सपाट बसते.

आता ते बांधायचे कसे? सरळ उत्तर म्हणजे गर्डरला भोक पाडून बोल्ट ठोकणे. पण पट्टीला भोक पाडले की तिथला पोलाद तेवढा कमी झाला, आणि गंजायला आणखी एक जागा झाली. म्हणून भोक पाडायचे ते लाकडाला. गिरमिटाने पाडलेल्या त्या भोकातून बोल्ट पट्टीच्या कडेला लागून खाली उतरतो. खालच्या टोकाला त्याला आकडा असतो. तो पट्टीला खालून धरतो आणि वरून चाकी आवळली की लाकूड आणि पोलाद एकमेकांना बिलगतात. याचे नाव हुक बोल्ट. जाडी साधारण 22 मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याएवढी.

युक्ती नामी; पण तिच्यात एक खोड आहे. उन्हाळ्यात लाकूड आक्रसते, पावसाळ्यात फुगते. त्यात गाड्यांचा हादरा. बोल्ट ढिला पडतो, हळूच स्वतःभोवती फिरतो आणि आकडा पट्टीखालून बाहेर येतो. वरून पाहणाराला काय दिसते? चाकी जागच्या जागी!

माझे मामा रेल्वेच्या पूल-दुरुस्तीच्या कामावर होते. 1962 च्या दिवाळीत त्यांनी मला एका लहानशा पुलाच्या तोंडाशी नेले. गाडीला अवकाश होता, गँगमन बावटा घेऊन उभा होता.

“बोल्टाच्या डोक्यावर बघ,” मामा म्हणाले. “काय दिसतं?”

“रेघ आहे, मामा.”

“रेघ नव्हे, बाण. छिन्नीनं कोरलेला. खाली आकडा जिकडे, वर बाण तिकडे. बाण रुळाशी काटकोनात, रुळाकडे तोंड करून असला की समजायचं, आकड्यानं धरलंय.”

मी वाकून एकेक बाण पाहू लागलो. एकाचा बाण रुळाच्या रेषेत फिरला होता. मामांनी पाना लावून पाहिला. चाकी तसूभर हलेना. मामांचा चेहरा उतरला. त्या स्लीपरवर हातोडा टेकवून ते काही वेळ नुसते उभे राहिले. एका आकड्याने पूल पडत नाही, हे मला पुढे कळले; पण ओळीने चार सुटले तर रूळ कशाच्या आधाराने राहायचा? गँगमन पालथा पडून गर्डरच्या कडेवरून खाली हात घालू लागला. त्याच्या हाताखाली तीस-चाळीस फुटांवर पाणी होते. चाकी सैल केली, आकडा चाचपून पट्टीखाली वळवला, पुन्हा आवळली. मामांनी स्वतः बाण पाहिला आणि मगच त्याला उठू दिले. त्या दिवशी आम्ही फराळाला घरी पोचलो ते दुपारी.

आता पुलांवर लाकूड दुर्मिळ झाले. पोलादी चॅनेलची स्लीपरे आली, आणि लाकडाचे धक्का सोसण्याचे काम रबराच्या गादीकडे गेले. हुक बोल्ट मात्र राहिले आहेत. परवा एका स्टेशनाशेजारच्या पुलापाशी गाडी खोळंबली, तेव्हा मी खिडकीतून मान बाहेर काढून बाण शोधीत होतो. शेजारचे गृहस्थ म्हणाले, “आजोबा, काही पडलं का?”