तरुण वयातील मोठ्या आतड्याचा कर्करोग

वयाच्या पन्नाशीआधी मोठ्या आतड्यात किंवा गुदाशयात उद्भवणारा कर्करोग. बहुधा आतड्याच्या अस्तरावरील पॉलिपपासून त्याची सुरुवात होते. तरुणांत गाठ बहुतेकदा गुदाशयात किंवा आतड्याच्या डाव्या भागात असते.

अमेरिकेत १९९० च्या दशकापासून वृद्धांमधील प्रमाण घटत असताना पन्नाशीखालील प्रमाण मात्र दरवर्षी एक-दोन टक्क्यांनी वाढत आले आहे. म्हणून तेथे नियमित तपासणीचे वय २०२१ मध्ये ५० वरून ४५ करण्यात आले. भारतात हा आजार एकंदरीने पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आढळतो. पण रुग्णांत तरुण बरेच असतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या एका आढाव्यात रुग्णांचे सरासरी वय ४७ च्या आसपास होते. लोकसंख्याच तरुण असल्याचा यात वाटा आहे, त्यामुळे केवळ या आकड्यावरून रोग वाढल्याचा निष्कर्ष काढता येत नाही. सिग्नेट रिंग हा आक्रमक पेशीप्रकार मात्र येथे पाश्चात्त्य देशांपेक्षा निश्चितच अधिक दिसतो.

लिंच सिंड्रोमसारखा आनुवंशिक दोष साधारण पाचांपैकी एका तरुण रुग्णात सापडतो. उरलेल्यांत लठ्ठपणा, बैठे जीवन, मद्यपान, प्रक्रिया केलेले मांस यांच्याकडे बोट दाखवले जाते. पण सडपातळ, निर्व्यसनी माणसांनाही हा रोग होतो. ई. कोलाय जिवाणूंच्या काही प्रकारांतून स्रवणाऱ्या कोलिबॅक्टिन या विषाच्या खुणा तरुणांच्या गाठींमधील डीएनएत अधिक आढळल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. हा संबंध कारणाचाच आहे, हे अजून सिद्ध झालेले नाही.

खरे नुकसान निदानाच्या विलंबाने होते. शौचावाटे रक्त पडले की रुग्ण मूळव्याध समजतो, लाजेने बोलत नाही, आणि वय पाहून कधी डॉक्टरही तपासणीविना मलम लिहून देतात. गुदाशयातील अनेक गाठी बोटाने केलेल्या साध्या तपासणीतही हाताला लागतात. रक्तस्राव, शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, पोटदुखी, लोहाच्या कमतरतेमुळे आलेला रक्तक्षय यांपैकी काहीही असल्यास वय कमी म्हणून थांबू नये. निदान कोलोनोस्कोपी व बायोप्सीने पक्के होते.

उपचारांत शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि गुदाशयासाठी रेडिओथेरपी येते. ओटीपोटावरील किरणोपचाराने प्रजननक्षमता जाऊ शकते. म्हणून शुक्राणू किंवा बीजांडे गोठवून ठेवण्याचा विषय उपचारांपूर्वीच निघायला हवा. रुग्णाच्या आईवडील, भावंडे व मुलांनी चाळिशीत, किंवा रुग्णाच्या निदानवयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा पहिली कोलोनोस्कोपी करावी. लिंच सिंड्रोम असलेल्या कुटुंबांत ती बहुधा विशी-पंचविशीतच सुरू होते.