गोव्याचे दप्तर आणि तिकिटाएवढी पाने

पावसाळ्यात हिशेबाच्या वह्या कशा सादळतात, हे एपीएमसी मार्केटमध्ये कामधंदा करणाऱ्यांस सांगावयास नको. हीच दमट हवा व कसर गोव्याच्या जुन्या दप्तरासही खात आली आहे. आपल्यांपैकी जी कुटुंबे वसईकडून इकडे आली, त्यांनी त्या दप्तराची हकीकत अवश्य जाणावी. कारण १७३९ साली वसई मराठ्यांनी घेईपर्यंत तिचा कारभार गोव्याच्या हुकमाने चाले, व त्याविषयीचे पुष्कळ कागद तेथेच आहेत.

हे दप्तर १५९५ साली स्थापन झाले. इतिहासकार दियोगु द कोउतु हा त्याचा पहिला रक्षक. लिस्बनची पत्रे मोसमी वाऱ्यांवर येणाऱ्या जहाजांतून येत, म्हणून त्या बाडांस ‘मोसमांची पुस्तके’ म्हणतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांतील ६२ बाडे लिस्बनला नेण्यात आली. तिकडची भर ती इकडची तूट झाली.

विसाव्या शतकात मात्र निराळा मार्ग निघाला. १९५२ साली लिस्बन येथे स्थापन झालेल्या फिल्मसंग्रहाचे प्रमुख इतिहासकार धर्मगुरू आंतोनियु द सिल्व्हा रेगु हे होते. या वेळी कागद जागचे न हलविता त्यांची छायाचित्रेच नेली. पान सपाट मांडावे, वरच्या कॅमेऱ्याने टिपावे, की ते फितीवर टपाल तिकिटाएवढे उतरते. वाचावयास दिवा व भिंग पुरे. हेतू साम्राज्याचा होता, हे खरे. तरी १९६१ त पोर्तुगीज अंमल संपला तेव्हा मूळ दप्तर पणजीस राहिले व प्रतिमा लिस्बनला, ही गोष्ट अभ्यासकांच्या पथ्यावरच पडली. मराठ्यांच्या इतिहासासाठी हेच दप्तर उपसणारे डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर १९६१ पर्यंत त्याचे संचालक होते.

फीत अमर नव्हे. जुन्या ॲसिटेट फितीस उष्ण दमट हवेत व्हिनेगरसारखा वास सुटतो, ती आक्रसते. मार्केटची सफरचंदे शीतगृहात जपतात, तशीच तीही जपावी लागते.

नोंदवह्यांची दुसरी प्रत हवी, हे ख्रिस्तसभेस ठाऊक होते. १९१७ च्या धर्मसंहितेत दरवर्षी प्रत बिशपांच्या कचेरीत धाडण्याची आज्ञा होती. पण एक अडचण आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या समासात पंचवीस-तीस वर्षांनी लग्नाची टीप पडते. माझ्या कपाटातली वही अशी वाढत राहते. फितीवरचे पान ज्या दिवशी टिपले त्याच दिवशी थांबते.