वाघ्या, सोफा आणि तीन हजार वर्षांची भुई

हेडफोन लावा, आणि नाक जरा घट्ट धरा. कारण आजचा विषय आहे कुत्र्याचं मूत. हसू नका, इतिहासच सांगतोय.

आमचं गाव निरगुडसर, तालुका आंबेगाव. जुन्नर-आंबेगावात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको : धरणाचं पाणी आलं, पाण्यामागे ऊस आला आणि उसात बिबट्या राहायला आला. बिबट्याला सगळ्यात सोपी शिकार म्हणजे अंगणात बांधलेलं कुत्रं. म्हणून दिवस मावळला की आमचा वाघ्या घरात. नाव वाघ्या, पण बिबट्याचा वास आला की खाटेखाली.

आता वाघ्या म्हातारा झालाय. रात्री त्याला धरवत नाही. एकदा सोफ्यावर झालं, मग कोपऱ्यातल्या टाइल्सवर, मग रोजच. बाबांनी फिनेल ओतलं, अत्तर मारलं, उदबत्त्या लावल्या. शेवटी म्हणाले, "उद्यापासून ह्याला पडवीत बांधा." पडवीत बांधणं म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना कळलं. कुणी जेवलं नाही नीट.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. बग सापडत नसेल तर आम्ही जुना कोड उघडतो. मी आजीला विचारलं, "आजी, तुझ्या वेळी शेळ्या, करडं, कुत्री सगळी घरातच असायची. मग घर घाण मारायचं नाही का?"

आजी म्हणाली, "आरं, तवा भुई पेत व्हती. आता तुमची फरशी काय पेत न्हाई, सोफा पेतो."

आख्खा एपिसोड या एका वाक्यात आहे.

आमच्या तालुक्यातली घोडनदी पुढे शिरूर तालुक्यात इनामगावाजवळून वाहते. तिथे डेक्कन कॉलेजच्या लोकांनी 1968 ते 1983 उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी साधारण 1600 ते 700 या काळातलं शेतकऱ्यांचं गाव निघालं. चोपून केलेल्या मातीच्या जमिनी, चुली, गुराढोरांची हाडं. म्हणजे माणूस, जनावर आणि मातीची भुई हा संसार या खोऱ्यात तीन हजार वर्षांचा जुना आहे.

मातीच्या भुईत गंमत काय? मूत जिरतं. वर राख किंवा कोरडी माती टाकायची, ओला भाग खरवडून उकिरड्यावर न्यायचा, नवी माती घालून चोपायची आणि शेणानं सारवायचं. म्हणजे डाग पुसायचाच नाही, भुईचा तो तुकडाच बदलायचा! आमच्या भाषेत मॉड्यूल रिप्लेस.

आणि जिरलेल्या मुताचं काय होतं? त्यातल्या युरियाचा जीवाणू अमोनिया करतात. नाकात झोंबतो तो वास हाच. मग मातीतले दुसरे जीवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात. त्यापासून बनतो सोरा, आणि सोऱ्यापासून बंदुकीची दारू. बिहारमध्ये नोनिया समाजाचे लोक वस्तीजवळची, गोठ्यालगतची खारी माती खरवडून सोरा काढायचे आणि ईस्ट इंडिया कंपनी तो जहाजं भरून नेायची. इंग्लंडात तर 1626 मध्ये राजा पहिल्या चार्ल्सने फर्मान काढलं की माणसाजनावरांचं मूत साठवून ठेवा. सोरा काढणारी सरकारी माणसं लोकांच्या तबेल्यांच्या जमिनी उकरायची. आपण ज्याला डाग म्हणतो, त्यावर साम्राज्यं लढली.

मग बिघडलं कुठे? पुण्यात 1897 चा प्लेग आठवा. तेव्हा दुर्गंधीतून रोग येतो ही समजूत अजून पुरती गेली नव्हती. गोरे सैनिक घरात शिरले, सामान जाळलं, भिंतींना चुना मारला, जंतुनाशकं फवारली. मुंबईत तर मातीच्या जमिनीही उकरल्या. पुण्यातल्या जुलमाचा सूड म्हणून 22 जून 1897 च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. पुढच्याच वर्षी पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवलं की प्लेग उंदरावरच्या पिसवांमुळे पसरतो. म्हणजे वासाशी लढाई चालली होती आणि शत्रू भलताच होता.

पण डांबरापासून काढलेल्या जंतुनाशकांचा वास मागे राहिला. आजही फिनेलचा वास आला की आपल्याला वाटतं, घर स्वच्छ झालं. खरं तर नाकाला दुसरा, मोठा वास दिलेला असतो. कुत्र्याचं नाक फसत नाही. ते परत त्याच जागी जातं.

पुढचा धागा 1926 चा. अमेरिकेत जेम्स समनर नावाचा संशोधक. सतराव्या वर्षी शिकारीत अपघात होऊन डावा हात गेलेला. त्याने जॅक बीनच्या दाण्यांतून, म्हणजे आपल्या अबईच्या नात्यातल्या शेंगेतून, युरिएज हे एन्झाइम स्फटिकरूपात वेगळं केलं. युरियाचा अमोनिया करणारं हेच ते. एन्झाइम म्हणजे प्रथिन असतं हे त्यातून दिसलं आणि 1946 मध्ये त्याला नोबेलमध्ये वाटा मिळाला. एन्झाइमने कपडे धुण्याची कल्पना तर जर्मनीत ओटो र्‍योमने 1913 मध्येच आणली होती. आज पाळीव प्राण्यांच्या डागांसाठी बाटल्या मिळतात, त्यांत एन्झाइम आणि जीवाणू असतात. ते वास झाकत नाहीत, घाण खातात. म्हणजे आजीच्या भुईतलं काम बाटलीत भरलंय!

मग आम्ही काय केलं, ऐका. सोफ्याचा डाग आधी कोरड्या फडक्याने दाबून टिपला. घासलं नाही, घासलं की मूत स्पंजात खोल जातं. मग गार पाणी, मग एन्झाइमचं द्रावण स्पंजापर्यंत जाईल इतकं, आणि ते तासभर ओलं ठेवलं. गरम पाणी नाही, उष्णतेने एन्झाइम मरतं. शेवटी दोन दिवस कडक ऊन. टाइल पीत नाही, पण सांधे पितात, तिथे ब्रशने तेच केलं. तुमच्याकडे शहाबादी असेल तर लिंबू, व्हिनेगर, ॲसिड लावू नका. तो चुनखडीचा दगड आहे, झिजतो. आणि मुतावर ब्लीच कधीच ओतू नका, विषारी वायू तयार होतो.

वाघ्याचं आता काय? आजीने दाराशी आतल्या बाजूला लाकडी खोका मांडला. त्यात माती आणि राख. पहिल्याच रात्री वाघ्या हुंगून त्यावर जाऊन बसला. पहाटे माती ओली, सोफा कोरडा. बाबा काही बोलले नाहीत, पण सकाळी शेतातून येताना घमेलंभर माती घेऊन आले.

पिणारी भुई परत आणता येत नाही, पण चार फूट तरी घरात ठेवता येते. तुमच्या घरी काय करतात, आजीला विचारा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात. रात्री कुत्रं आत घ्यायला विसरू नका!